खर्जाला जागा हवी

गच्चीवर मंडळी जमली की गिटारवाला पिशवीची चेन उघडतो आणि सुरू होतो. काहोनवाला आपल्या खोक्यावर बसतो. गाणाऱ्याला तर काहीच लागत नाही. खोळंबतो तो बासवाला. त्याच्या वाद्याला तारा आहेत, पण विजेशिवाय त्यांचा आवाज शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू जात नाही. ॲम्प चार मजले चढवायचा, प्लग शोधायचा, वायर ओढायची. तोवर दोन गाणी होऊन गेलेली असतात. म्हणून बास वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतंच, की वायर न लावता वाजणारा बास मिळाला तर किती बरं होईल.

तसा बास मिळतो. त्याला अकूस्टिक बास गिटार म्हणतात. नेहमीच्या लाकडी गिटारसारखीच पोकळ पेटी, जरा मोठी. मान लांब, तारा चार आणि जाड. दुकानात भिंतीवर टांगलेला हा बास खाली काढून मांडीवर घेतला आणि एक मोकळी तार छेडली की छातीला पेटीची थरथर जाणवते. त्या थरथरीवर भुलून अनेकांनी तो घेतला आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या वादकांशी या लेखासाठी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली: घेतला हौसेने, पहिल्याच जमलेल्या बैठकीत तो कुणाला ऐकूच आला नाही, आणि मग तो कपाटावर गेला. काहींनी विकून टाकला. काहींच्या घरी मात्र तो आजही रोज हातात घेतला जातो. हा फरक नशिबाचा किंवा किमतीचा नाही. या वाद्याकडून काय मागायचं आणि ते कुणाच्या सोबतीला बसवायचं, हे ज्यांना उमगलं त्यांच्याकडे ते टिकलं.

सुरुवात पाहिली तर ती अगदी सरळ तर्कातून झालेली आहे. गिटारच्या तारा बनवून नाव कमावलेल्या अर्नी बॉल यांना कॅलिफोर्नियात प्रश्न पडला, की इलेक्ट्रिक गिटारला जोड म्हणून इलेक्ट्रिक बास आहे, तर लाकडी गिटारला जोड म्हणून लाकडी बास का नसावा? त्यांच्या डोळ्यांसमोर मेक्सिकोतलं गिटारोन होतं. मारियाची वादकांच्या ताफ्यात पोटाशी धरून वाजवतात ते मोठ्या, फुगीर पाठीचं वाद्य. लिओ फेंडर यांच्यासोबत काम केलेले जॉर्ज फुलर्टन यांना जोडीला घेऊन बॉल यांनी १९७२ मध्ये ‘अर्थवूड’ नावाचा बास बाजारात आणला. त्याची पेटी आठ इंचांहून खोल होती. एवढी पेटी पोटाशी धरली की उजवा हात तिला वळसा घालून तारांपर्यंत नेणं हीच एक कसरत होते. मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि १९८५ मध्ये कायमचं बंद पडलं. त्यानंतर इतर कंपन्यांनी जे अकूस्टिक बास काढले ते बहुतेक चार-पाच इंच खोलीचे. हाताला सोयीचे, आणि म्हणूनच आवाजाला तोकडे.

त्याआधीचा इतिहासही ध्यानात घेण्यासारखा आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ आणला, तो मुळात ऐकू न येण्याच्याच तक्रारीवरचा इलाज होता. माणसापेक्षा उंच डबल बास प्रवासात नेणं जिकिरीचं, आणि वाद्यवृंदात इतर वाद्यं चढली की त्याचा आवाज गडप होई. फेंडरने भरीव लाकूड घेतलं, पडदे बसवले, तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि आवाजाची जबाबदारी ॲम्पवर टाकली. आपल्याकडे पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बास आपण ऐकत मोठे झालो, तो या वंशातला. वीस वर्षांनी अकूस्टिक बास आला तेव्हा त्याने तीच ३४ इंचांची तार पुन्हा पोकळ पेटीवर चढवली, आणि फेंडरने सोडवलेली अडचण पुन्हा दारात उभी राहिली.

ती अडचण समजून घेतल्याशिवाय या वाद्याच्या गुणदोषांवर बोलण्यात अर्थ नाही. बासच्या चार मोकळ्या तारा म्हणजे ई, ए, डी आणि जी. त्या सेकंदाला अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ वेळा कंप पावतात. नेहमीच्या गिटारच्या पेटीत कोंडलेली हवा ज्या कंपनाला सगळ्यात मोठी साथ देते, ते १०० च्या आसपास असतं. म्हणजे बासच्या चारही मोकळ्या तारा गिटारच्या पेटीला जिथे जोर चढतो त्याच्या खाली पडतात. बासची पेटी थोडी मोठी केल्याने हा आकडा खाली सरकतो, पण पुरेसा नाही. खालच्या ई ची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. ती हवेत जोमाने ढकलायला मोठी फळी आणि मोठी पोकळी लागते. डबल बासची तारच १०५ सेंटिमीटरच्या आसपास असते, पेटी माणसाच्या धडापेक्षा मोठी, आणि गज फिरवला तर सुरात सतत नवी शक्ती ओतता येते. अकूस्टिक बासला बोटाचा एकच धक्का मिळतो आणि त्यावरच सगळं भागवावं लागतं.

त्यात माणसाच्या कानाची घडणही खर्जाच्या विरोधात आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले आलेख ध्वनिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात. मधल्या पट्टीतल्या सुराइतकाच मोठा वाटायला खालच्या सुराला कितीतरी जास्त जोर लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कान एक भरपाई मात्र करतो. मूळ सूर क्षीण असला तरी त्याच्या वरचे उपस्वर स्पष्ट ऐकू आले, तर मेंदू त्यांवरून खालचा मूळ सूर जुळवून घेतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर बासची चाल कळते ती याच करामतीमुळे. अकूस्टिक बासचा ‘खर्ज’ आपण पुष्कळदा त्याच्या उपस्वरांवरूनच ऐकत असतो.

या वाद्याचं सगळ्यात मोठं दुखणं नेमकं इथे आहे. बासच्या चार तारांचा पहिला उपस्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, ८२, ११०, १४७ आणि १९६ च्या आसपास येतो. हे गिटारच्या खालच्या चार मोकळ्या तारांचे सूर आहेत. ज्या उपस्वरांच्या आधारावर बास ऐकू यायचा, नेमक्या त्याच जागेवर गिटार सहा तारांनिशी बसलेली असते. अर्नी बॉलनी गिटारचा जोडीदार म्हणून हे वाद्य घडवलं, आणि गिटारच त्याला सगळ्यात आधी झाकून टाकते.

ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी जमणाऱ्या मुलांच्या तालमीला बसल्यावर हे कानांनी अनुभवलं. हॉलमध्ये दोन गिटारी, एक काहोन, गाणारी मुलगी आणि अकूस्टिक बास. बासवाल्याच्या खुर्चीशेजारी बसलं तर सगळं छान भरलेलं वाटत होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर जाऊन बसले, तर बोटाचा तारेवर आपटल्याचा ‘टक्’ तेवढा येत होता. सुराचा मागचा भाग दोन गिटारींच्या झणझणाटात विरघळून जात होता.

“अरे, तू वाजवतोयस हे कळतंय,” गाणारी म्हणाली, “पण काय वाजवतोयस ते नाही कळत.”

बासवाल्याने जोर वाढवला. जोर वाढवला की तार पडद्यावर आपटून खडखडते, सूर चढत नाही. बोटं मात्र पाच मिनिटांत लाल होतात. मग कुणीतरी सुचवलं, की एक कडवं गिटारी थांबवून बघू. नुसता गळा आणि बास. त्या कडव्यात सोफ्यापर्यंत प्रत्येक सूर आला, त्याची सुरुवात, त्याचं फुगणं, बोटाने दाबून केलेला त्याचा शेवट. गळा ही एकच ओळ असते. सहा तारा एकदम खाली-वर घासल्यासारखी ती सगळी जागा व्यापत नाही. मुलांनी त्या दिवशी गाण्याची मांडणीच बदलली. पहिलं कडवं गळा आणि बास, मग एक गिटार, तीही वरच्या पडद्यांवर, सुट्या तारा छेडत. काहोनवाल्याने तळहाताऐवजी बोटांची टोकं वापरली. वाद्य तेच, पण दुपारपर्यंत त्याला बोलायला जागा मिळाली होती.

खालच्या सुराला ऐकू येण्याजोगं कसं करायचं, हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी अनेकांनी सोडवलेला आहे. गिटारोन वाजवणारा दोन तारा एकदम चिमटीत ओढतो, एक खालची आणि एक तिच्याच वरच्या सप्तकातली. त्याच्या तारांची मांडणीच अशी असते, की ही सप्तकाची जोडी हाताला सापडावी. खालच्या सुराला वरचा सूर आयताच मिळतो आणि उघड्या चौकातही तो ऐकू जातो. अर्नी बॉलनी गिटारोनचा आकार घेतला, ही जोडी घेतली नाही. माझ्या मते या वाद्याच्या जन्मातली ती सगळ्यात मोठी उणीव आहे. आजही अकूस्टिक बास वाजवणाऱ्याने दोन बोटांनी सप्तकाची जोडी धरायची सवय लावून घेतली, तर विजेशिवायचा त्याचा आवाज लांबवर पोचतो.

आपल्या तंबोऱ्याने हाच प्रश्न जवारीने सोडवला. पुरुष गायकाने काळी एकचा षड्ज धरला तर खर्जाची तार ६९ कंपनांच्या आसपास बोलते. ती नुसती छेडली तर खोल पण बोथट. घोडीच्या रुंद पाठीवर तार किंचित टेकते, तिच्याखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकतो, आणि त्या एका तारेतून उपस्वरांचा झोत उठतो. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीवर कानस फिरवतात ते या झोतासाठी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या हातकामाचा वाटा मोठा आहे. अकूस्टिक बासला जवारी नाही. पण नव्या कोऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा काही प्रमाणात तेच काम करतात. त्यांच्यात चमक असते, उपस्वर भरपूर असतात. घामाने आणि मळाने त्या बसल्या की चमक जाते, आणि चमकेबरोबर बासही ऐकू येईनासा होतो. बास जुन्या तारांवरच गोड लागतो असं इलेक्ट्रिकवाले सांगतात. ते त्यांच्यापुरतं खरं आहे. अकूस्टिक बासला तो सल्ला लावू नये. सपाट गुंडाळीच्या तारांचंही तसंच. बोटाला मखमली, पण ॲम्पशिवाय मुक्या. अडचण एवढीच, की बासच्या ब्राँझ तारा आपल्याकडे दुकानात हमखास मिळत नाहीत. मागवून घ्याव्या लागतात आणि गिटारच्या तारांपेक्षा पुष्कळ महाग पडतात. या वाद्याचा चालू खर्च कुणी हिशेबात धरत नाही, तो हा.

गोव्यात मांडो या गीतप्रकाराच्या साथीला व्हायोलिन आणि घुमट असतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं. एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. वाजवणारा चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने उघडं तोंड झाकतो-उघडतो, तसा सूर खाली-वर होतो. पेटीतली हवा आणि तिचं भोक यांचा संबंध समजून घ्यायला याहून चांगलं साधन नाही. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. मला महत्त्वाचे वाटतात ते त्याचे सोबती. गळे, व्हायोलिन आणि घुमट: प्रत्येकाची पट्टी वेगळी, कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही.

आणि झिया मोहिउद्दीन डागर. पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांचं गुरुकुल होतं, त्या डागरसाहेबांनी मंद्र सप्तकाच्या ओढीने रुद्रवीणेचे भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड करून घेतली, तारा जाड लावल्या. कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्याकडे ती वीणा घडली. वाद्य अवजड झालं, आवाज खोल गेला, आणि ऐकणाऱ्याला जवळ येऊन बसावं लागलं. खोली हवी तर आकार हवा, आणि आकार वाढवूनही सूर नाजूकच राहणार असेल तर मैफल लहान हवी, हे त्यांनी पत्करलं होतं. अकूस्टिक बास घेणाऱ्यांपैकी फार थोडे हे पत्करतात. त्यांना खर्जही हवा असतो, हलकी पेटीही हवी असते आणि गर्दीत ऐकूही यायचं असतं.

मग वायर आलीच. आज मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बासमध्ये घोडीच्या हाडाखाली पिझो पिकअप बसवलेला असतो. दाब बदलला की विजेचा दाब निर्माण करणारी ही पट्टी, तिच्या मागे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, आणि बाजूला तीन-चार बटणं. जॅक लावला की अकूस्टिक बास जगात कुठल्याही स्टेजवर ऐकू येतो. पण त्याचं वायरवाचूनपण तिथेच संपतं आणि नवी दुखणी सुरू होतात. पिझोचा आवाज कोरडा, किंचित प्लास्टिकसारखा असतो. बोटाचा टक् मोठा होतो आणि पेटीची ऊब मागे राहते. मॉनिटरमधून येणारा आवाज पेटीत शिरतो, पेटी थरथरते, पिकअप ते पुन्हा ॲम्पला देतो, आणि घोंघावणारा फीडबॅक उठतो. वादक भोकावर रबराची चकती बसवतात, प्रीॲम्पवरचं फेजचं बटण दाबून पाहतात, साउंडवाल्याला एक ठरावीक पट्टी कापायला सांगतात. भोक बुजवलं की अर्थातच पेटीचा आवाज निम्मा मेला. म्हणजे ज्या कारणासाठी पोकळ वाद्य घेतलं, तेच स्टेजवर झाकून ठेवायचं.

तरीही या वाद्याला जगभर ओळख मिळाली ती स्टेजवरच. एमटीव्हीचा ‘अनप्लग्ड’ हा कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला आणि बड्या रॉक बँडना लाकडी वाद्यं घेऊन बसावं लागलं. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘निर्वाणा’ या बँडचं चित्रीकरण झालं. त्यात क्रिस्ट नोव्होसेलिक यांच्या मांडीवर गिल्ड कंपनीचा अकूस्टिक बास होता. तो पिकअपमधूनच जात होता, आणि कर्ट कोबेनची मार्टिन गिटारही पेडल आणि ॲम्पमधून. पण त्या रात्रीचा बास ऐकताना जाणवतं, की नोव्होसेलिक फार थोडे सूर वाजवतात आणि प्रत्येकाला पुरेसा वेळ देतात. एका पिढीने तो कार्यक्रम बघून अकूस्टिक बास घेतला. आपल्या हातात तो तसा वाजत नाही म्हणून ती खट्टू झाली, कारण टीव्हीवर ऐकलेल्या आवाजामागे ध्वनिमुद्रणाची अख्खी यंत्रणा होती.

वायरवाचूनचा खरा अकूस्टिक बास ऐकायचा तर व्हायोलंट फेम्स या बँडचा १९८३ चा पहिला अल्बम काढावा. मिलवॉकीतली तीन पोरं, रस्त्यावर उभं राहून वाजवणारी. १९८१ मध्ये एका थिएटरबाहेर ती वाजवत होती, तेव्हा आत कार्यक्रम असलेल्या ‘प्रिटेंडर्स’ बँडने त्यांना ऐकलं आणि त्याच रात्री स्टेजवर बोलावलं. बासवादक ब्रायन रिची यांच्याकडे तोच आठ इंची अर्थवूड होता. तो ऐकू कसा यायचा, याचं उत्तर ड्रमरकडे आहे. व्हिक्टर डिलोरेन्झो पूर्ण ड्रमसेट वाजवतच नव्हते. उभं राहून एक स्नेअर, त्यावर ब्रश, आणि ड्रमवर पालथी घातलेली पत्र्याची पाटी. खालची पट्टी त्यांनी जवळजवळ मोकळी सोडली होती. गिटार एकच, तीही पुष्कळदा बासच्याच चालीला धरून. तिथे बास मागे राहून साथ करत नाही. चाल तोच सांगतो. हे वाद्य कसं वापरावं याचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला धडा तो आहे.

दुसरा धडा स्वीडनच्या योनास हेलबोर्ग यांचा, आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. ते गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांच्यासोबत महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये बास वाजवत. मॅकलॉफलिन यांची ‘शक्ती’ या गटातली, तरफेच्या तारांची गिटार घडवणाऱ्या अब्राहम वेक्टर यांच्या हातचा अकूस्टिक बास हेलबोर्ग यांनी घेतला आणि १९९१ मध्ये टोनी विल्यम्सचे ड्रम आणि व्हायोलिन-चेलोची चौकडी यांच्यासोबत त्यावर अख्खा अल्बम केला. ड्रम जोरकस आहेत, पण स्टुडिओत तोल माइकवर ठरतो. पुढे २००० मध्ये विक्कू विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश यांच्या तालवाद्यांसोबत त्यांनी वाजवलं. खंजिरीचा वळणारा, घसरणारा खालचा बोल आणि लाकडी बासचा सूर शेजारी ऐकले, की या वाद्याला आपल्याकडे किती मोकळं रान आहे ते कळतं.

पुण्यात एका घरगुती स्टुडिओत अभंगाच्या ध्वनिमुद्रणात अकूस्टिक बास वापरताना पाहिला. माइक भोकासमोर नव्हता. भोकासमोर नुसता घुमारा येतो. मान पेटीला जिथे मिळते तिथे, वीतभर अंतरावर तो तिरका धरला होता. पिकअपची वायर वेगळ्या ट्रॅकवर, खालचा भाग भरायला. पेच होता पखवाजाचा. त्याच्या धुम्यावर ओली कणीक लावलेली, आणि त्या थापेची खोली बासच्या खोलीवरच बसत होती. दोन-तीनदा वाजवून पाहिल्यावर बासवादकाने समेवरचा सूर काढूनच टाकला.

“समेवर पखवाज बोलतोय ना सर, तिथे मी गप्प,” तो म्हणाला. “मागून येतो.”

सम पखवाजाने घ्यायची, त्यानंतर बासचा एक लांब सूर उमलायचा आणि पुढच्या टाळापर्यंत विरून जायचा. हेडफोनवर त्या सुरात बोट तारेवरून उठल्याचा बारीक चरचरणारा आवाज होता. इलेक्ट्रिक बासमध्ये तो गायब होतो; इथे तो श्वासासारखा ऐकू येत होता. ध्वनिमुद्रणात हे वाद्य इतकं जिवंत का लागतं, ते त्या चरचरीत आहे.

हाताला मात्र ते कष्ट देतं. चार तारांचा मिळून ताण सत्तर-पंच्याहत्तर किलोंच्या घरात. ब्राँझच्या गुंडाळीवर बोटं सरकवली की कातडी सोलवटते. इलेक्ट्रिकवर तारा पडद्यांच्या अगदी लगत ठेवता येतात. इथे आवाज हवा असेल तर त्या उचलून ठेवाव्या लागतात, म्हणजे डाव्या मनगटाला काम वाढतं. वरच्या पडद्यांपर्यंत हात जाताना पेटी आडवी येते. पेटीच्या कडेवर उजवा दंड टेकून टेकून तासाभरात मुंग्या येतात, बारीक चणीच्या माणसांना विशेषतः. पण ज्यांनी या वाद्यावर रोज रियाझ केला त्यांच्या उजव्या हाताला एक शिस्त येते. ॲम्प चुका झाकतो आणि बारीक स्पर्शालाही मोठं करतो. इथे सूर जेवढा बोटातून निघेल तेवढाच. बोट घोडीजवळ ठेवलं तर काय होतं, मानेजवळ नेलं तर काय, टोकाने छेडलं आणि पेराने छेडलं यात फरक काय, हे सगळं लगेच कानाला कळतं. रात्री अकराला, वीज गेलेली असताना, खिडकीत बसून अर्धा तास वाजवता येतं आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. वाद्य हाताशी असलं की ते जास्त वाजवलं जातं. मला हा फायदा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

राहिला पाऊस. मुंबईच्या उपनगरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या काकांच्या टेबलावर जुलैमध्ये एक अकूस्टिक बास उताणा पडला होता. काकांनी स्टीलची पट्टी घोडीच्या मागे वरच्या फळीवर आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. फळी दमटपणाने आणि ताणाने मधोमध फुगली होती, घोडी वर उचलली गेली होती, बाराव्या पडद्यावर तार बोटाला दाबवत नव्हती. त्यांनी तारा सैल केल्या, घोडीतलं हाड बाहेर काढलं, काचेवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर ते तळाकडून हळूहळू घासलं. दर दहा-बारा घासांनी काटकोन्या लावून तळ तपासत होते. तळ केसभर जरी वाकडा राहिला तरी खालच्या पिझोवर दाब सारखा पडत नाही आणि चारपैकी एक तार ॲम्पमध्ये दबकी येते. वादक पिकअप खराब झाला म्हणून हळहळतात, दोष पुष्कळदा या घासण्यातला असतो. मग ट्रस रॉडला चावी लावून पाव फेरा, आणि पुन्हा तारा.

“पावसात याला भिंतीला टांगू नका,” काका मालकाला म्हणाले. “केसमध्ये ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि महिनाभर वाजवणार नसाल तर तारा थोड्या उतरवा.” नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उलटं होतं, फळी सुकून भेग जाते, तिथे केसमध्ये ओलाव्याची सोय करावी लागते. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक बासला एवढं जपावं लागत नाही.

म्हणून कुणी विचारलं, तर मी त्याला आधी तो कुणासोबत वाजवतो ते विचारीन. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारच्या बँडमध्ये असेल तर हे वाद्य घेऊच नये. लाकडी आवाजाची नुसती ओढ असेल, तर साध्या इलेक्ट्रिक बासवर सपाट गुंडाळीच्या तारा चढवून घोडीपाशी तारांखाली फोमचा तुकडा सरकवावा. निम्म्याहून अधिक काम तिथेच होतं. पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला हॉफनर पोकळच आहे आणि वजनाला पिसासारखा. प्रवासासाठी हवा असेल तर युकुलेलेच्या आकाराचे, रबरासारख्या तारांचे छोटे बास मिळतात. पिकअपमधून त्यांचा आवाज डबल बासच्या आश्चर्यकारक जवळ जातो. पण एक गळा, एखादी बाजाची पेटी किंवा व्हायोलिन, डिमडी किंवा खंजिरी, वीस-पंचवीस माणसांची बैठक, किंवा स्वतःच्या घरातला माइक, असं ज्याचं काम आहे त्याने अकूस्टिक बास जरूर घ्यावा. इतका निकट, इतका बोलका खर्ज दुसऱ्या कुठल्या बासमधून निघत नाही.

दुकानात जाताना एकट्याने जाऊ नये. स्वतः वाजवताना पेटी अंगाला लागलेली असते, त्यामुळे प्रत्येक बास भरदार वाटतो. सोबत गिटार वाजवणारा मित्र न्यावा आणि बास त्याच्या हातात द्यावा. आपण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून आधी चारही मोकळ्या तारा एकेक करून ऐकाव्यात, मग पाचव्या पडद्यावरचे सूर. खालची ई तिथपर्यंत येते का, की नुसता टक् येतो, ते पाहावं. मग दुकानातल्याच कुणालातरी गिटार वाजवायला सांगून तेच पुन्हा ऐकावं. बाराव्या पडद्यावर तारेची उंची बघावी, फळीवर डोळा लावून फुगवटा बघावा, आणि जॅक लावून चारही तारा सारख्याच जोराने येतात का ते ऐकावं. एवढं केल्यावर जो बास खोलीच्या त्या टोकापर्यंत पोचेल तो घ्यावा, मग नाव कुठलंही असो.